सेनापतीण उमाबाईसाहेब दाभाडे

इंग्लंडच्या इतिहासांतील ट्यूडर राजांचा काळ आमचे विद्यार्थी मोठ्या आवडीनें वाचतात. आठव्या हेन्रीच्या राण्यांचीं नांवें त्यांस ओळीनें पाठ असतात, आणि त्या राजवाड्यांत वावरणाऱ्या सरदारस्त्रियांच्या हकीकतीहि त्यांच्या कानांवरून गेलेल्या असतात. सॅलिस्बरीची काउंटेस मार्गारेट पोल ही स्वतःच्या हक्कानें जहागिरीची मालकीण होती. राजकन्या मेरीची संगोपनकर्ती म्हणून दरबारांत तिचा मोठा मान होता. आणि राजाची मर्जी फिरतांच १५४१ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, लंडनच्या टॉवरमध्यें तिचें मस्तक उडविण्यांत आलें. अशा कथा वाचतांना मनांत येतें कीं, आपल्याकडील दरबारांतहि अशा सरदारस्त्रिया होऊन गेल्या असतील. त्यांची ओळख आम्ही कितपत ठेवितों? जिजाबाई, ताराबाई, अहल्याबाई यांचीं चरित्रें सर्वांस ठाऊक आहेत. पण त्या राजमाता व राज्यकर्त्या होत्या. जी राणी नव्हे, जिचें सारें बळ राजाच्या शब्दावर व घराण्याला मिळालेल्या पदावर उभें आहे, अशा स्त्रीची स्थिति निराळी असते. शाहू महाराजांच्या सातारा दरबारांत सेनापतिपदाचा कारभार वर्षानुवर्षें वाहणाऱ्या उमाबाईसाहेब दाभाडे या अशा स्त्री होत्या. त्यांचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों.

आमच्या सीबीडी बेलापूरहून पुण्याकडे जाणारा रस्ता पनवेल, खोपोली असा करीत खंडाळ्याचा घाट चढतो. लोणावळें मागें पडलें कीं उजव्या हातास लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले दिसूं लागतात, आणि मग थोड्याच वेळानें तळेगांव येतें. महाराष्ट्रांत तळेगांवें पुष्कळ असल्यामुळें यास तळेगांव दाभाडे असें म्हणतात. १९०८ सालीं पैसाफंडाचा काचकारखाना निघाला तो याच गांवीं. परंतु त्याच्या कितीतरी आधीं, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, गुजरातचा चौथाईचा पैसा ज्या वाड्यांत येऊन पडे तो वाडा येथें होता; आणि १७२९ नंतर त्या वाड्यांतला अखेरचा शब्द एका विधवेचा होता.

उमाबाईंचें माहेर नाशिक प्रांतांतील अभोणें. तेथील देवराव ठोके देशमुख यांची ही कन्या. सप्तशृंगीचा गड या मुलुखांतला, म्हणजे बाईंच्या माहेरच्या अंगणांतला म्हटला तरी चालेल. गडावर देवीच्या दर्शनास जाणें त्या काळीं फार बिकट असे. कडा उभा, वाट निसरडी. १७१० सालीं उमाबाईंनीं तेथें दगडी पायऱ्या बांधविल्या. त्यांची संख्या सुमारें ४७० आहे. पुढें त्यांच्या आयुष्यांत जय आले, पराजय आले, सनदा मिळाल्या आणि गेल्या. परंतु या पायऱ्यांवरून अजून माणसें चढतात. सासरीं येऊन फार दिवस झाले नसतील अशा वेळीं एका स्त्रीच्या नांवावर एवढें बांधकाम व्हावें, यावरून घरांत त्यांचा शब्द तेव्हांपासूनच चालत असावा असें आम्हांस वाटतें.

त्यांचे पति खंडेराव दाभाडे हे राजाराम महाराजांबरोबर जिंजीच्या वनवासांत हिंडलेले वीर. पुढें ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि १७१७ सालीं महाराजांनीं त्यांस सेनापतिपद दिलें. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर १७१८-१९ च्या दिल्लीच्या स्वारींतहि ते होते. त्या स्वारीनें चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि शाहू महाराजांच्या मातोश्री येसूबाईसाहेब दीर्घ कैदेंतून सुटून स्वदेशीं आल्या. खंडेरावांस तीन स्त्रिया; त्यांत उमाबाई धाकट्या. त्र्यंबकराव, यशवंतराव व बाबूराव असे त्यांस तीन पुत्र व तीन कन्या झाल्या.

गुजरातचें प्रकरण थोडें समजून घेतल्यावांचून पुढील कलह कळावयाचा नाहीं. मोगल सुभेदार अहमदाबादेस बसे. पण त्याचा अंमल शहरापुरता व मोठ्या ठाण्यांपुरता राही. खेड्यापाड्यांतून वसुलाचा चौथा हिस्सा चौथाई म्हणून व दहावा हिस्सा सरदेशमुखी म्हणून गोळा करण्याचें काम दाभाड्यांच्या फौजा करीत. खंडेरावांनीं आयुष्यभर घोडा फेंकून हा मुलूख आपल्या घराण्याच्या कह्यांत आणिला होता. दावडीचे गायकवाड त्यांच्या हाताखालीं होते. त्यांतील पिलाजीनें सोनगडास किल्ला करून तेथून सुरतेपर्यंतच्या मुलुखांत आपला वचक बसविला. तात्पर्य, सेनापतींच्या घराची सारी मिळकत गुजरातच्या धान्यावर, कापसावर व नाक्यांवर अवलंबून होती. तो प्रांत हातचा गेल्यास सेनापति हें नुसतें बिरुद उरणार, हें उमाबाई पुरतें जाणून होत्या.

१७२९ च्या सप्टेंबरांत खंडेराव वारले आणि पुढल्या वर्षाच्या आरंभीं त्र्यंबकरावांस सेनापतिपदाचीं वस्त्रें मिळालीं. परंतु इकडे बाजीराव पेशव्यांचीहि दृष्टि गुजरातकडे वळली होती. १७३० सालीं चिमाजी आप्पांनीं अहमदाबादचा सुभेदार सरबुलंदखान याजकडून चौथाईचा करार आपल्या हातें करून घेतला. ज्या प्रांतावर आपल्या वडिलांनीं हाडें झिजविलीं त्या प्रांताचा करार दुसऱ्याच घराण्यानें परस्पर करावा, हें तरुण त्र्यंबकरावांस सहन झालें नाहीं. त्यांनीं निजामाशीं संधान बांधिलें. या एका गोष्टीमुळें पेशव्यांच्या हातीं मोठें कारण आलें. स्वराज्याचा सेनापति स्वराज्याच्या शत्रूशीं मिळाला, असें म्हणावयास जागा झाली. आमच्या मतें त्र्यंबकरावांचा राग रास्त होता. पण त्या रागाला त्यांनीं जो सोबती निवडला तो रास्त नव्हता.

ता. १ एप्रिल १७३१ रोजीं डभईजवळ दोन्ही मराठी सैन्यांची गांठ पडली. त्र्यंबकरावांच्या बाजूस पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे, उदाजी पवार असे नामांकित सरदार होते आणि त्यांचें सैन्यहि मोठें होतें. ग्रांट डफ तें पस्तीस हजार धरतो. बाजीरावांजवळ फौज थोडी, पण मुरलेली होती. पहिल्याच माऱ्यांत दाभाड्यांकडील नवें सैन्य उधळलें. तेव्हां मागें हटावयाचें नाहीं असा निश्चय करून त्र्यंबकरावांनीं आपल्या हत्तीच्या पायांस साखळदंड घालविले व धनुष्य ओढीत ते जागचे हलले नाहींत. बंदुकीच्या एका गोळीनें ते हौद्यांत कोसळले. ती गोळी त्यांच्याच मामांकडल्या माणसाची, म्हणजे खुद्द उमाबाईंच्या माहेरची, असाहि प्रवाद आहे. तो खरा असल्यास मातेच्या दुःखाला दुहेरी धार आली असली पाहिजे.

तळेगांवास ही वार्ता आली तेव्हां उमाबाईंपुढें काय उरलें होतें? पति जाऊन दोन वर्षें झालीं नव्हतीं. थोरला मुलगा गेला. उरलेले दोघे लहान. मारणारा परका नव्हता. ज्या छत्रपतींची चाकरी आपलें घराणें करीत आलें, त्याच छत्रपतींचा मुख्य प्रधान होता. जावयाचें तरी कोणाकडे? छत्रपतींकडेच जाणें भाग होतें.

शाहू महाराज स्वभावानें दयाळू. लहानपणापासून मोगलांच्या छावणींत कैदेंत वाढल्यामुळें घर मोडणें म्हणजे काय हें ते ओळखीत असत. त्यांनीं सेनापतिपद दाभाड्यांच्या घरांतून काढलें नाहीं. लहानग्या यशवंतरावांस सेनापति केलें, बाबूरावांस सेनाखासखेल हा किताब दिला, आणि मुलें वयांत येईतों कारभार उमाबाईंनीं पाहावा असें ठरलें. स्वतः महाराज समजूत घालावयास तळेगांवास गेले, बाजीरावांस बाईंच्या पायांवर घातलें आणि बाईंच्या हातांत तरवार देऊन सूड घ्यावयास सांगितलें, अशी एक कथा परंपरेनें चालत आली आहे. बाईंनीं तरवार चालविली नाहीं. कोणती आई भर दरबारीं चालवील? कथा अक्षरशः खरी असो वा नसो, समेटाचें खरें स्वरूप तिच्यांत उत्तम उतरलें आहे: न्याय बाईंच्या हातीं दिल्यासारखें दाखवावयाचें, आणि तो त्यांस बजावतां येऊं नये अशी सारी मांडणी करावयाची.

कारण समेटाची दुसरी बाजू लेखी होती. गुजरात सेनापतींकडे राहावा व माळवा पेशव्यांकडे. परंतु गुजरातच्या वसुलाचा निम्मा हिस्सा सेनापतींनीं पेशव्यांच्या मार्फत सरकारांत भरावा, असें कलम त्यांत होतें. मुलाच्या मृत्यूनंतर, पराभवानंतर, दुसरा कोणताहि मार्ग न उरलेल्या घराण्यानें ही अट मान्य केली. वाचकांनीं हें कलम लक्षांत ठेवावें. पुढें वीस वर्षांनीं तें पुन्हा वर आलें.

याच संबंधांत एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कारण ती शाळेच्या मासिकाच्या वाचकांस जवळची आहे. दरवर्षीं श्रावणांत विद्वान ब्राह्मणांस तळेगांवास बोलावून दक्षिणा वांटण्याचा परिपाठ खंडेरावांनीं पाडला होता. त्र्यंबकराव पडल्यावर घराण्याची ऐपत खालावली आणि हा रमणा पेशव्यांनीं पुण्यास उचलून नेला. पुढें पेशवाईंत त्याचें स्वरूप अवाढव्य झालें. १८१८ नंतर इंग्रजांनीं तो एकदम बंद केला नाहीं. त्याच निधींतून १८२१ सालीं पुण्याच्या विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, मराठी ग्रंथांस दक्षिणा प्राइझें मिळूं लागलीं, आणि डेक्कन कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊं लागले. तळेगांवच्या श्रावणांतील त्या पंगतीचें पाणी असें वाहत वाहत विद्येच्या मळ्यापर्यंत आलें. उमाबाईंच्या हातून मात्र तें १७३१ च्या सुमारासच निसटलें होतें.

शोक करीत बसण्यास बाईंस फुरसत मिळाली नाहीं. अहमदाबादेस आतां जोधपूरचा राजा अभयसिंग सुभेदार होऊन आला होता. त्यानें १७३२ सालीं डाकोर येथें पिलाजी गायकवाडाचा दग्यानें खून करविला व बडोदें घेतलें. पिलाजी हा दाभाड्यांचा उजवा हात. सेनापतींच्या गादीवर एक पोर व तिच्यामागें एक विधवा, तेव्हां आतां यांचें काय भय, असा अभयसिंगाचा होरा असावा. त्याचा हा होरा चुकला. उमाबाईंनीं सुमारें तीस हजार फौज उभी केली. पिलाजीचा मुलगा दमाजी व कंठाजी कदम यांस बरोबर घेऊन त्या स्वतः अहमदाबादेवर चालून गेल्या. स्वारींत त्या हत्तीवर बसून पुढें असत असें सांगतात. मराठा सरदारघराण्यांतील विधवेनें पडद्याबाहेर येऊन लष्करांत राहावें ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती. पण त्यांच्या शिबंदींतल्या कोणी त्यांचा हुकूम मोडल्याचें ऐकिवांत नाहीं.

लोककथेंत या स्वारीचें वर्णन फार रंगलें आहे. बाईंनीं तट फोडला, किल्ला घेतला, वैरी लोळविला असें आपण ऐकतों. गुजरातच्या इतिहासग्रंथांत हकीकत थोडी निराळी आहे: मराठ्यांनीं शहरास वेढा दिला, जीवराज नांवाचा एक रजपूत सरदार मारला, आणि अखेर तह झाला. चौथाई व सरदेशमुखी कायम राहिली. शिवाय अहमदाबादच्या उत्पन्नांतून ८०,००० रुपये देण्याचें ठरलें, आणि ते फिटेपर्यंत जवांमर्दखान बाबी यास ओलीस ठेवण्यांत आलें. आम्हांस ही दुसरी हकीकत कमी मोलाची वाटत नाहीं. तट चढणारे वीर मराठ्यांत पुष्कळ होते. पण शत्रूला तहास आणून, हक्क लिहून घेऊन व रोकड पदरांत पाडून फौज सुरक्षित परत नेणारे थोडे. दोन वर्षांत, १७३४ सालीं, बडोदेंहि पुन्हा गायकवाडांच्या हातीं आलें, आणि त्यानंतर तें मराठ्यांकडून कधीं सुटलें नाहीं.

साताऱ्यास शाहू महाराजांनीं बाईंचा मोठा गौरव केला. पायांत सोन्याचे तोडे घालण्याचा मान त्यांस दिला, असें घराण्याच्या परंपरेंत सांगतात. आपल्याकडे सोनें पायांत घालावयाचें नसतें. तो मान राजघराण्याचा. सेनापतीणबाईंस तो लाभला, यांतच सारें आलें.

हाच तो काळ, जेव्हां पेशव्यांचे बंधु चिमाजी आप्पा कोंकणांत पोर्तुगीजांशीं झगडत होते. पनवेलच्या खाडीवरील आमचा बेलापूरचा किल्ला याच दशकांत मराठ्यांच्या हातीं आला, आणि १७३९ सालीं वसई पडली. जें पेशवेघराणें कोंकणच्या किनाऱ्यास मुक्तिदाता वाटलें तेंच तळेगांवास पुत्रघातकी वाटत होतें. इतिहासांत एकाच घराण्याकडे दोन गांवांनीं असें दोन दृष्टींनीं पाहावें, यांत नवल नाहीं. मात्र आम्ही बेलापूरकरांनीं दुसरी दृष्टि अगदींच विसरूं नये.

पुढील पंधरा-सोळा वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतों. यशवंतराव वयांत आले. परंतु मद्य व अफू यांच्या आहारीं जाऊन कारभारास निरुपयोगी ठरले. बाबूरावांचेंहि कर्तृत्व दिसलें नाहीं. शिक्का मुलाचा, बुद्धि आईची, आणि गुजरातेंतील तरवार दमाजी गायकवाडाची, अशी व्यवस्था चालू राहिली. जसजशीं वर्षें गेलीं तसतसा दमाजी बलिष्ठ होत गेला, आणि तळेगांवचें महत्त्व उतरत चाललें. सरकारांत भरावयाचा निम्मा वसूल मात्र दाभाड्यांनीं कधीं नीट भरला नाहीं. बाजीराव १७४० सालीं वारले. त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे झाले. तगादे येत, उत्तरें जात. शाहू महाराज हयात होते तोंवर हें असेंच चाललें; कारण उमाबाईंवर हात टाकण्यास महाराजांची संमति मिळण्यासारखी नव्हती.

१५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू महाराज कैलासवासी झाले. त्यांस पुत्र नव्हता. ताराबाईंनीं आपला नातू म्हणून पुढें केलेला रामराजा गादीवर बसला. पण राज्याच्या किल्ल्या नानासाहेबांच्या कमरेस आल्या. १७५० च्या सांगोल्याच्या करारानें छत्रपतींची सत्ता जवळजवळ नांवापुरती उरली. मार्गारेट पोलचा घात राजाची मर्जी फिरल्यानें झाला; उमाबाईंचा घात राजा मरण पावल्यानें झाला. ज्या माणसानें त्यांना शब्द दिला, तोडे दिले, मुलांस वस्त्रें दिलीं, तो माणूसच गेला. ज्या दरबारांत त्या दाद मागत तो दरबारच आतां उरला नाहीं; आणि ज्यांच्याविरुद्ध दाद मागावयाची त्यांच्याकडेच न्यायाधीशाचें आसन आलें.

नानासाहेबांची अडचणहि खोटी नव्हती, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. फौजा वाढलेल्या, कर्ज डोईजड झालेलें, खजिना रिकामा. गुजरातसारखा सुपीक प्रांत असतां त्यांतून सरकारांत कांहींच येऊं नये, हें कोणत्याहि प्रधानास खपण्यासारखें नव्हतें. करार लेखी होता व तो मोडला जात होता. कागदाकडे पाहिलें तर पेशवे खरे होते.

परंतु कागद कसा झाला याकडेहि पाहिलें पाहिजे. आणि उमाबाईंचें म्हणणें तेवढेंच होतें. १७५० च्या ऑक्टोबरांत त्यांचे वकील यादो महादेव निरगुडे पेशव्यांकडे गेले व सूट मागूं लागले. नकार मिळाला. त्याच महिन्याच्या आरंभीं शंभुमहादेवाच्या देवस्थानीं उमाबाईंची व ताराबाईंची भेट झाली होती. पेशव्यांनीं दुखविलेल्या दोन वृद्ध विधवा तेथें एकत्र आल्या. त्यांचें काय बोलणें झालें याची कल्पना पुढील गोष्टींवरून करितां येते. तरीहि उमाबाईंनीं तरवारीआधीं शब्दाचा मार्ग एकवार पुन्हा चोखाळला. ता. २२ नोव्हेंबर १७५० रोजीं त्या स्वतः आळंदीस जाऊन नानासाहेबांस भेटल्या.

आळंदीचा तो प्रसंग आमच्या डोळ्यांपुढें वारंवार येतो. इंद्रायणीचा कांठ, ज्ञानोबांची समाधि, एकीकडे तिशीच्या आंतला समर्थ पेशवा आणि दुसरीकडे सेनापतींची वृद्ध विधवा. एकाच्या बापानें दुसरीच्या मुलाचा पराभव केला व त्यांत तो मारला गेला, हें दोघांसहि ठाऊक. बोलणें मात्र हिशेबाचें. बाईंचा मुद्दा असा होता कीं, निम्म्या वसुलाचा करार आम्ही राजीखुशीनें केला नाहीं. पराभवाच्या व दुःखाच्या दडपणाखालीं तो आमच्याकडून करून घेतला गेला. म्हणून तो रद्द व्हावा. कायद्याच्या अभ्यासकांस हा मुद्दा परका नाहीं. बळजबरीनें घेतलेली संमति ही संमति नव्हे, हें तत्त्व आज प्रत्येक न्यायालय मानतें. लूककृत शुभवर्तमानांतील दृष्टांतांत एक विधवा निष्ठुर न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन त्यास अखेर नमवते. आळंदीच्या न्यायाधीशास तसा कंटाळा आला नाहीं. नानासाहेबांनीं अर्ध्या गुजरातेचा आग्रह सोडला नाहीं, आणि बाई रित्या हातांनीं परतल्या.

दोनच दिवसांनीं, २४ नोव्हेंबरास, ताराबाईंनीं साताऱ्याच्या किल्ल्यांत रामराजास अटकेंत टाकिलें व पेशव्यांविरुद्ध निशाण उभारलें. नानासाहेब त्या वेळीं निजामाच्या मुलुखाकडे गुंतले होते. उमाबाईंनीं दमाजीस गुजरातेंतून बोलाविलें. तो पंधरा हजार फौजेनिशीं सोनगडाहून निघाला, आणि १७५१ च्या मार्चांत साताऱ्याच्या उत्तरेस निंब गांवाजवळ त्यानें त्र्यंबकराव पुरंदऱ्यांच्या मोठ्या फौजेचा मोड केला. साताऱ्यास ताराबाईंनीं त्याचा सत्कार केला. क्षणभर असें वाटलें कीं, डभईचें उसनें फिटणार. परंतु पुरंदऱ्यांनीं पळालेलें सैन्य पुन्हा जमवून ता. १५ मार्च रोजीं वेण्णेच्या कांठीं दमाजीस गांठलें व त्याची दाणादाण केली. ज्या मदतीची आशा होती ती कोठूनच आली नाहीं. एप्रिलच्या अखेरीस नानासाहेब घाईघाईनें कूच करीत साताऱ्यास येऊन पोंचले.

तेव्हां दमाजीनें बोलणें लाविलें. पेशव्यांनीं पंचवीस लाख रुपये दंड व अर्धा गुजरात मागितला. दमाजीचें उत्तर असें होतें कीं, मी चाकर माणूस. मुलूख देणें-घेणें माझ्या हातीं नाहीं. मालकीण उमाबाई आहेत, त्यांस विचारावें. गुजरातेंत राजासारखा वागणारा हा पुरुष त्या संकटांत खरोखरच निष्ठेनें असें बोलला, कीं वेळ काढण्यासाठीं, हें ठरविणें कठीण आहे. पण उमाबाईंस मालकीण म्हणून भर छावणींत मिळालेला हा शेवटचा मुजरा होता. ३० एप्रिलच्या संध्याकाळीं पेशव्यांच्या फौजेनें अकस्मात् छापा घालून दमाजीस कैद केलें. मे महिन्यांत दाभाडे मंडळीहि पकडण्यांत आली. ज्या लोहगडाकडे पाहत तळेगांवचा दिवस मावळतो त्याच लोहगडावर पुढें दमाजीस ठेवण्यांत आलें.

कैदेंत माणसाचे विचार पालटतात. १७५२ सालीं दमाजीनें करार करून आपली सुटका करून घेतली. अर्धा गुजरात त्यानें पेशव्यांस दिला, मागील बाकीचे पंधरा लाख व दरसालचे सवापांच लाख कबूल केले, आणि दाभाड्यांची चाकरी सोडून तो थेट पेशव्यांचा सरदार झाला. पेशव्यांस तो पुढें नेहमीं डाव्या हातानें मुजरा करी, असें सांगतात. अभिमानाचा तेवढा अवशेष त्यानें जतन केला. गुजरात दोघांत वांटला गेला. ज्या घराण्याच्या नांवानें तो मिळविला होता त्या घराण्याच्या वांट्यास निर्वाहाची नेमणूक आली.

उमाबाईंस कैदेंतून, दारिद्र्यांतून, आणि ज्यास आपण वाढविलें तो दमाजी परपक्षास जाऊन मिळालेला पाहून, आणखी दीड-दोन वर्षें काढावयाचीं होतीं. १७५३ च्या एप्रिलांत रघुनाथराव व दमाजी या दोघांनीं मिळून अहमदाबाद घेतलें. वीस वर्षांपूर्वीं ज्या शहरास बाईंनीं वेढा घातला होता त्या शहरावर अखेर मराठ्यांचें निशाण चढलें. शहराचा वसूल निम्मा पेशव्यांचा व निम्मा गायकवाडांचा ठरला. ही बातमी बाईंस कोणी व कशी सांगितली असेल, तें मनांत आणावें.

त्याच वर्षीं ता. २८ नोव्हेंबर रोजीं पुण्यांत उमाबाईसाहेबांचें निधन झालें. पुढल्याच सालीं यशवंतरावहि गेले. दाभाड्यांच्या घरीं सेनापति ही पदवी राहिली, सेना राहिली नाहीं. बाबूरावांस शाहू महाराजांनीं दिलेला सेनाखासखेल हा किताब गायकवाडांकडे गेला, आणि १९४९ सालीं बडोदें संस्थान विलीन होईपर्यंत तेथील महाराजांच्या नांवामागें तो लागत असे. उमाबाईंची समाधि तळेगांवास बनेश्वराच्या देवळापाशीं आहे.